हिरड्यांतून रक्त येतंय? पहिले १४ दिवस आणि त्यानंतर

ब्रश करून थुंकलं आणि बेसिनमध्ये गुलाबी डाग दिसला की बहुतेक जण एकच करतात: त्या जागी ब्रश फिरवणं बंद करतात. दुखतंय तर चार दिवस आराम देऊ, असा विचार असतो. नेमकं इथेच गाडं अडतं. हिरडीतून रक्त येण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे तिच्या कडेला साचलेली घाण. ब्रश टाळला की घाण वाढते, सूज वाढते आणि रक्तही वाढतं. बाकी सगळं विसरलात तरी एवढं धरून ठेवा: रक्त येतं ती जागा सोडायची नाही, तीच जास्त काळजीने साफ करायची.

याला काही अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत, म्हणून आधी तेच पाहू.

ब्रश हातात घेण्याआधी

गोव्यात पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे डेंगीचे रुग्ण वाढतात. ताप, डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून येणं आणि त्यात हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, असं चित्र असेल तर तो दाताचा प्रश्न नाही. डेंगीत ही धोक्याची खूण मानतात, आणि ती बऱ्याचदा ताप उतरू लागल्यावर दिसते, म्हणजे घरच्यांना हायसं वाटतं नेमकं तेव्हा. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप किंवा दुखणं यासाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही ठरलेल्या मात्रेतच.

सत्तरी तालुक्यातल्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथे २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा मोसम काजूच्या मोसमाशी जुळतो. बागायतीत किंवा रानात जाणाऱ्या माणसाला अचानक मोठा ताप आला, डोकं फुटेल असं दुखू लागलं आणि हिरड्यांतून रक्त आलं, तर वाळपईच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात जा आणि रानात गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

ताप नसतानाही खालीलपैकी काही असेल तर दंतवैद्याच्या आधी फिजिशियन गाठून रक्ताची तपासणी करून घ्या:
- कुठे आपटलं नसताना अंगावर काळेनिळे डाग, किंवा पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके
- काही आठवड्यांपासूनचा थकवा, फिकटपणा, वजन उतरणं
- ब्रश न लावता, झोपेत उशीवर रक्त
- हिरड्या एकाएकी फुगून दातांवर चढणं

बहुतेक वेळा यातून काही निघत नाही. पण रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी हिरडीवरच दिसते, आणि साध्या सीबीसी तपासणीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, त्याचा सुगावा लागतो.

रक्त येतं कशामुळे

दातावर दिवसभर एक चिकट, पांढुरका थर जमत असतो. त्याला प्लाक म्हणतात. तो अन्नाचा नसतो, जिवाणूंचा असतो, म्हणून उपास केला तरी जमतो. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक उथळ खाच असते. थर तिथे राहिला की शरीर त्या जागी जास्त रक्त पाठवतं, केशवाहिन्या फुगतात, वरची त्वचा पातळ होते आणि ब्रश लागताच फुटते. ब्रशने जखम होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ब्रश आधीच सुजलेल्या जागेला लागलेला असतो.

डेन्मार्कमध्ये १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. घरी १४ दिवस प्रयत्न करून बघा असं आम्ही सांगतो, ते याच हिशेबाने.

थर काढला नाही तर लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे तो काही दिवसांतच कडक होऊ लागतो. तेच टार्टर, ज्याला घरोघरी कीटण म्हणतात. पाऊस सुरू झाल्यावर चिऱ्याच्या खडबडीत भिंतीवर शेवाळ चटकन धरतं, तसा त्या खडबडीत कीटणावर नवा थर चटकन धरतो. कीटण ब्रशने निघत नाही. विहिरीच्या जड पाण्यामुळे ते होतं असं अनेकांना वाटतं, पण त्यातले क्षार लाळेतून येतात, विहिरीतून नाही. म्हणूनच ते जास्त जमतं तेही लाळेच्या नळ्या उघडतात त्या ठिकाणी: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला.

या टप्प्याला हिरडीची सूज म्हणतात आणि ती पूर्ण बरी होते. तशीच राहिली तर काही जणांत ती खाली हाडापर्यंत उतरते, दात आणि हिरडी यांत पोकळी होते, हाड झिजतं. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हा. गेलेलं हाड बहुतांशी परत येत नाही. आजार फक्त आहे तिथे थांबवता येतो.

आरशासमोर पाच मिनिटं

दिवसाउजेडी किंवा मोबाइलच्या टॉर्चमध्ये ओठ आणि गाल ओढून बघा. निरोगी हिरडी घट्ट असते आणि दोन दातांमधलं तिचं टोक अणकुचीदार असतं. रंग गुलाबीच हवा असं नाही. आपल्यातल्या अनेकांच्या हिरड्यांवर मुळातच तपकिरी-काळसर छटा असते, त्यात काही बिघाड नाही. सुजलेली हिरडी लालभडक, चकचकीत आणि मऊ दिसते, टोक गोलसर होतं. बोटाने हळूच दाबा. पू आला, दात हलला, किंवा दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागले असतील, तर १४ दिवस थांबू नका, दंतवैद्याकडे जा.

मग बघा, रक्त सगळीकडून येतंय की एकाच जागेवरून. सगळीकडून असेल तर प्लाक किंवा शरीरातलं कारण. एकाच जागी असेल तर तिथे काहीतरी अडकलंय किंवा टोचतंय: कॅपची उचललेली कड, बाहेर आलेलं फिलिंग, दोन दाढांमधली फट जिथे जेवण दरवेळी अडकतं. आपल्याकडे आणखी एक नेहमीचा गुन्हेगार म्हणजे माशाचा काटा. पेडवे, तारले यांचे बारीक काटे हिरडीखाली घुसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती जागा सुजून रक्त येतं. पिन, सुई, आगकाडी घालून उकरू नका. फ्लॉसच्या, म्हणजे दातांमधल्या फटी साफ करायच्या बारीक दोऱ्याच्या, मध्यावर एक छोटी गाठ मारा, फ्लॉस दोन दातांमधून खाली न्या आणि गाठ अडकेपर्यंत आडवा ओढून बाहेर काढा. दोन-तीनदा करूनही निघाला नाही, तर दंतवैद्य ते काम दोन मिनिटांत करतो.

१४ दिवसांचा कार्यक्रम

सामान थोडंच लागतं. छोट्या डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश. वेष्टनावर ‘सॉफ्ट’ लिहिलेलं असतं. ‘मीडियम’ घेऊ नका, ‘हार्ड’ तर नकोच. साधी फ्लोराइडची पेस्ट, साधारण १००० पीपीएमची, मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरते. फ्लॉस, किंवा फटी मोठ्या असतील तर दातांमधले छोटे ब्रश. महागडी ‘हिरड्यांसाठी खास’ पेस्ट लागत नाही. लाल मंजन, कोळशाची पूड, जाड मीठ बोटाने घासणं मात्र बंद. लाल मंजनात बहुधा गेरू असतो. अशा भरड पुडींनी दात झिजतात, हिरडी मागे सरते, आणि खाचेतली घाण तिथेच राहते.

ब्रश करताना:

१. ब्रश दातावर सपाट धरू नका. केस ४५ अंशांत हिरडीकडे वळवा, निम्मे दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर.

२. तिथेच ठेवून इवल्या इवल्या हालचाली करा, एका वेळी दोन-तीन दातांवर साधारण १०. केसांची टोकं खाचेत हलली पाहिजेत. ब्रश आडवा करवतीसारखा ओढू नका.

३. मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे एकदा झाडून पुढच्या दातांवर जा.

४. खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू आधी करा. कंटाळा आल्यावर शेवटी उरते ती हीच जागा, आणि कीटण सर्वांत जास्त तिथेच असतं. ब्रश उभा धरला की तिथे नीट पोचतो.

५. एकूण किमान दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. सकाळची वेळ चुकली तरी एकवेळ चालेल, रात्री झोपण्यापूर्वीची चुकवू नका; झोपेत लाळ कमी सुटते आणि थराला मोकळं रान मिळतं.

ब्रश पेनासारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. तीन महिन्यांआधीच केस बाहेर वाकत असतील तर तुम्ही जास्त दाबताय.

दातांच्या मधल्या जागेत ब्रश पोचत नाही, आणि सूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. त्यामुळे रात्री फ्लॉस हवाच. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घ्या, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरा. दोन दातांमधून सावकाश मागेपुढे करत खाली न्या. झटका दिला तर हिरडी कापते आणि मग ‘फ्लॉसने रक्त येतं’ अशी समजूत होते. खाली गेल्यावर एका दाताला दोरा अर्धगोल लपेटा, हिरडीखाली किंचित सरकवा, चार-पाच वेळा वरखाली करा. मग शेजारच्या दातालाही तसंच. फट मोठी असेल तर छोटा ब्रश जास्त चांगलं काम करतो. तो थोडा अडकत, पण जोर न लावता आत गेला पाहिजे. सगळ्या फटींना एकच माप बसत नाही, दोन मापं लागणं नेहमीचं आहे.

सूज आणि ठणका असेल तर मिठाच्या गुळण्या करा. एक पेला कोमट पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून दोन-तीनदा, अर्धा मिनिट खळखळवून थुंकायचं. त्याने आराम पडतो, थर निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचा ०.२ टक्क्यांचा माउथवॉश खरोखर काम करतो: १० मिलिलिटर, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून दोनदा. पण दोन अटी आहेत. पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा असर कमी होतो, म्हणून ब्रश आणि माउथवॉश यांत अर्धा तास जाऊ द्या. आणि सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांच्या वर वापरू नका, दात तपकिरी पडतात आणि तोंडाची चव बिघडते. चहा पिणाऱ्यांना हे डाग लवकर पडतात.

तुरटीचं पाणी, लवंगेचं तेल, हळद-तेल याबद्दल हमखास विचारलं जातं. तुरटीने हिरडी आक्रसते आणि रक्त थांबल्यासारखं दिसतं; आजार तिथेच असतो, फक्त त्याची खूण जाते. लवंगेचं तेल तसंच लावलं तर हिरडी भाजते. हळदीने बहुधा नुकसान नाही, पण तिच्या भरवशावर ब्रश टाळू नका.

काय अपेक्षा ठेवायची? पहिले तीन-चार दिवस रक्त पूर्वीपेक्षा जास्त येऊ शकतं. घाबरू नका आणि थांबू नका. आठवड्याच्या शेवटी ते कमी होतं, १४व्या दिवसापर्यंत बहुतेक थांबतं. नाही थांबलं तर हिरडीखाली कीटण आहे असं समजा, आणि ते घरी निघत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या टोकदार हत्यारांनी ते खरवडण्याच्या भानगडीत पडू नका.

दंतवैद्याकडे

जवळचा दवाखाना असेल तर उत्तम. सरकारी सोय हवी असेल तर अनेक आरोग्य केंद्रांत दंतवैद्य बसतात. वार आणि वेळ आधी फोन करून विचारा. गुंतागुंतीच्या तक्रारीसाठी बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, १९८० साली सुरू झालेलं, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरात. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर पोचा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा, कारण शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. त्याला वेळ लागतो, पण नोंदी सहसा अधिक तपशीलवार होतात. पणजी–मडगाव बसने येणार असाल तर नॉन-स्टॉप शटल बांबोळीला थांबते का, ते चढण्याआधीच विचारून घ्या. सोबत चालू औषधांची चिठ्ठी, असल्यास साखरेचा अहवाल.

तपासणीत एक बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खाचेत घालून खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. ४ किंवा जास्त आणि सोबत रक्त, म्हणजे आजार खाली उतरलाय. तुमचे आकडे विचारून लिहून घ्या. पुढच्या भेटीत सुधारणा झाली की नाही, हे त्यावरूनच कळतं. हे मोजमाप न करताच कोणी थेट महागड्या उपचाराचं बोलू लागलं, तर आधी मोजायला सांगा.

खोली कमी असेल तर स्केलिंग पुरतं, एक किंवा दोन बैठका. यंत्राचं टोक अतिशय जलद थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्याबरोबर कीटण फुटून पडतं. ‘दात साफ केले की दात ढिले होतात’ ही भीती फार खोल रुजलेली आहे. खरं असं की कीटणाच्या आधारावर उभा असलेला दात आधीच हललेला असतो, आधार गेला की ते जाणवतं. फटीही नव्या पडत नाहीत. कीटणाने भरलेल्या जुन्या फटी मोकळ्या होतात आणि सूज उतरल्याने जास्त दिसतात. थंड पाणी काही दिवस झोंबतं, संवेदनशील दातांची पेस्ट लावा.

पोकळी खोल असेल तर जागा बधिर करून हिरडीखालची मुळं साफ करतात, तोंडाचा एक एक भाग घेऊन. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतात. तरीही खोली राहिली तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया. सफाईशिवाय नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर हा आजार जात नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर कोर्स घेणं बंद करा.

हिरडीबाहेरची कारणं

मधुमेह सर्वांत आधी. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर ताब्यात येत नाही. हे दोन्ही बाजूंनी चालतं. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. चाळिशीनंतर हिरड्या वारंवार सुजत असतील आणि साखर कधी तपासलीच नसेल, तर तपासा.

तंबाखूचं प्रकरण फसवं आहे. बिडी-सिगारेटने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं आणि माणूस निर्धास्त राहतो, आत हाड झिजत असताना. सोडल्यावर काही आठवडे रक्त वाढलेलं दिसू शकतं. ती हिरडी सुधारत असल्याची खूण आहे. मशेरी आणि ट्यूबमधून मिळणारी तपकिरीची पेस्ट गोव्यात, विशेषतः बायकांत, दात घासायची वस्तू म्हणून वापरली जाते. ती तंबाखूच आहे. घरातल्या आजीला हे सांगताना भांडू नका. रात्रीच्या वेळेपासून कमी करायला सांगा, तिथून सुरुवात सोपी जाते.

गरोदरपणात दुसऱ्या महिन्यापासून हिरड्या नाजूक होतात आणि आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त. स्केलिंग चालतं, चौथा ते सहावा महिना सोयीचा.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांना रक्त जास्त येतं. स्केलिंगसाठी ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि फिटची फेनिटॉइन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. हृदयात कृत्रिम झडप असेल तर सफाईच्या आधी ते दंतवैद्याला सांगितलंच पाहिजे, अँटिबायोटिकचा एक डोस आधी द्यावा लागतो.

क जीवनसत्त्वाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि त्यामागे इतिहास आहे. वास्को द गामाच्या १४९७–९९च्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, त्यांना खाता येईना, आणि परतीच्या वाटेवर अनेक जण त्यातच मेले. तो स्कर्व्ही होता, महिनोन् महिने ताजं फळ-भाजी न मिळाल्याने झालेला. गोव्यात पेरू, आवळा, लिंबू आणि मोसमात काजूचं बोंड खाणाऱ्या माणसाला तो होणं कठीण. बोंडात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं. एकट्याने राहून चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे म्हातारे, दारूच्या आहारी गेलेले, यांच्याबाबत मात्र विचार करावा. बाकीच्यांनी गोळ्या चघळून प्लाक जाईल अशी आशा धरू नये, शिवाय त्या आंबट गोळ्यांनी दातांचं कवच झिजतं.

पुढे

रक्त थांबलं की फ्लॉस आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, असा घसरतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. साध्या सुजेसाठी वर्षातून एक-दोनदा तपासणी पुरते. पायरियाचा उपचार झालेल्यांनी दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला हवं.

पावसाळ्यात ब्रश वाळत नाही. टोपण घालून ठेवलात तर दिवसभर ओलाच राहतो. उघडा, उभा, दुसऱ्या ब्रशला न टेकवता ठेवा, आणि जमलं तर दोन ब्रश आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो.